स्मरणार्थ गिटार

एकोणीसशे चौऱ्याऐंशीच्या जुलैत, विक्रोळीच्या थांब्यावर साकीनाक्याच्या बसची वाट पाहत, गिटार घेतलेला एक तरुण आणि त्याची मावशी माझ्यापुढे रांगेत उभे होते.

“मावशी, कारागिराशी मीच बोलणार. गिटारच्या मानेवर शिंपल्याची वेल बसवायची. फक्त वेल.”

“वेल घाल की. तिच्याखाली ‘कै. धोंडू गुणाजी राऊळ यांच्या स्मरणार्थ’. नक्षीकाम माझ्याकडून भेट आहे ना?”

“अगं, ही गिटार आहे, देवळातलं बाकडं नाही! गणपतीत मी पहिल्यांदा ऑर्केस्ट्रात उभा राहणार. पोरं मला जन्मभर ‘स्मरणार्थ’ म्हणून हाक मारतील.”

“तुझ्या काकांचं नाव मी देवळातल्या पंख्यावर घातलं होतं, सहदेव. पंखा सुरू झाला की वाचताच येत नाही. अख्खा उन्हाळा बिचारे कुणाला दिसले नाहीत. गिटार तरी फिरत नाही.”

“काकांना गाणं आवडायचं तरी का? मी तारा छेडल्या की भिंतीवर काठी आपटायचे.”

“ताल धरायचे रे.”

“शिव्या देऊन?”

“ज्याची त्याची पद्धत.”

“बरं, घालू नाव. पण मानेवर माझा डावा हात फिरतो. वाजवताना अक्षरं झाकली जाणार, आधीच सांगतो.”

“मग गाणं संपल्यावर हात काढ.”

“आणि?”

“आणि इतकं चांगलं वाजव, की नाव वाचून होईपर्यंत लोकांच्या टाळ्या थांबणार नाहीत.”