आत्याबाईंना नाकच नव्हतं

माझ्या धाकट्या बहिणीचं, मीनलचं, लग्न माझ्या कॅमेऱ्यामुळे मोडता मोडता राहिलं, माहितीये?

खराडीत नोकरी लागल्यावर मी पहिला डिजिटल एसएलआर घेतला होता. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी ऑफिसातला मित्र म्हणाला, "सोबत आलेली लेन्स काढ, पन्नासची लाव. ॲपर्चरचा आकडा एक पॉइंट आठवर ठेव, मागचं सगळं छान धूसर येतं, आणि विसरून जा."

मी खरंच विसरून गेलो. सगळ्या फोटोंत मीनल लख्ख, आणि मागे उभी असलेली सासरची मंडळी धुक्यात.

दोन दिवसांनी नवऱ्या मुलाच्या आत्याबाईंचा आईला फोन आला. "एकाही फोटोत मला नाक नाही. आम्ही नको होतो, तर बोलावलंत कशाला?"

आईने मला कॅमेऱ्यासकट कोथरूडला मुलाच्या घरी पिटाळलं.

"आत्याबाई, चूक माझीच. ॲपर्चरचा आकडा एक पॉइंट आठऐवजी आठवर ठेवला की मागचंही सगळं स्पष्ट येतं."

"मग त्या दिवशी काय आठाला सुट्टी होती?"

मी त्यांना खिडकीपाशी बसवलं, आठवर फोटो काढला आणि स्क्रीनवर मोठा करून दाखवला. नाक होतं. पण कपाळावरची, डोळ्यांखालची एकूणएक सुरकुतीही होती. त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, मोडलं लग्न.

"हा आकडा असाच राहतो ना?"

"हो."

"मग हात लावू नकोस त्याला."

आणि स्वयंपाकघराकडे वळून त्यांनी मीनलच्या होणाऱ्या सासूबाईंना गोड हाक मारली, "वहिनी, ये गं बाहेर! तुझाही काढतोय!"