परत पाठवलेल्यांची मोजणी

साहेब : ...आणि हे तुम्ही मला आज सांगताय! दुपारी देणगीदारांचे पाहुणे येणार, पुढच्या वर्षाचा पैसा द्यायचा की नाही ते इथे बसून ठरवणार, आणि सकाळी माझ्या टेबलावर हा आकडा!

मोजणीबाई : परवा मेल केला होता. तुम्ही उघडला नाही.

साहेब : अहो बाई, निर्वासितांची छावणी चालवतो मी. मेल उघडत बसलो तर पाण्याचे टँकर कोण आणणार? बसा आधी. उभ्या राहू नका, मला आरोपी असल्यासारखं वाटतं.

मोजणीबाई : बसते. आकडा तोच राहील.

साहेब : उगाच नाही तुम्हाला सगळी छावणी मोजणीबाई म्हणत. बरं, मला सांगा. गेल्या तिमाहीत शंभरातले सत्त्याण्णव लोक शिधावाटपावर खूष होते. मध्ये असं काय आभाळ कोसळलं, की पाचातलं एक घर रिकाम्या हाताने परत जायला लागलं?

मोजणीबाई : ते आधीही जात होतं. मी फक्त मोजायची जागा बदलली.

साहेब : म्हणजे?

मोजणीबाई : ते सत्त्याण्णव आले कुठून? चेहऱ्यांच्या मशीनमधून. हसरा हिरवा, रडका लाल. मशीन कुठे आहे?

साहेब : वाटपाच्या शेडमध्ये, बाहेर पडायच्या दाराशी. मीच लावून घेतलंय, मला काय विचारता!

मोजणीबाई : त्या दारातून कोण बाहेर पडतं?

साहेब : शिधा घेतलेली माणसं.

मोजणीबाई : आणि ज्यांना पुढच्या फाटकावरच अडवलं, ती?

साहेब : ती... ती फाटकावरूनच परत जातात.

मोजणीबाई : म्हणजे मशीनपर्यंत पोचतच नाहीत. जेवून हात धुणाऱ्यांना आपण विचारतोय, कुणी उपाशी राहिलं का? ते म्हणतात, छे, कुणीच नाही. आपण ते लिहून वर पाठवतो.

साहेब : तरी शंभरात तिघं नाखूष होतेच की. मशीन काही खोटं बोलत नाही.

मोजणीबाई : मशीन गाणं म्हणतं. हिरवं बटण दाबलं की सूर वाजतात. लाल दाबलं की म्हैस शिंकल्यासारखा आवाज येतो. पोरं दिवसभर हिरवं दाबत असतात. पहारेकऱ्याला कंटाळा आला की तोही दाबतो. गेल्या महिन्यात एक दिवस गोदामाला कुलूप होतं, आठवतंय? त्या दिवशीसुद्धा लोक खूष होते.

साहेब : हसवू नका हो. हसायची वेळ आहे का ही?

मोजणीबाई : मी हसले नाही.

साहेब : ते तर आणखी वाईट. बरं, मग तुम्ही काय दिवे लावलेत?

मोजणीबाई : फाटक सोडून तंबूंपासून सुरुवात केली. प्रत्येक ओळीतला दर दहावा तंबू, मग तो कुणाचाही असो. छावणीतल्याच सहा बायकांना शिकवलं. शिधा वाटणारा एकही माणूस बरोबर घेतला नाही. ज्याच्या हातून पीठ घ्यायचं, त्याच्याच तोंडावर कोण सांगेल की पीठ मिळालं नाही म्हणून? पाहणीही वाटपाच्या दिवशी केली नाही, आठवडा जाऊ दिला. आणि पहिलाच प्रश्न असा ठेवला : गेल्या वाटपाला तुमच्याकडून कोण गेलं होतं, आणि परत येताना हातात काय होतं?

साहेब : समाधानी आहात का, हे विचारलंच नाही?

मोजणीबाई : समाधानाचं काय करायचं? त्याच्या भाकऱ्या होत नाहीत.

साहेब : आणि रिकाम्या हाताने आले ते का, हे विचारलंत?

मोजणीबाई : विचारलं. बहुतेक सगळ्या बायका. कार्ड नवऱ्याच्या नावावर आणि नवरा इथे नाही. कुणाचा कामाच्या शोधात गेलाय, कुणाची येताना वाटेत चुकामूक झाली. फाटकावरचा नियम म्हणतो, कार्डवाला हजर हवा, नाहीतर तो मेल्याचा कागद हवा.

साहेब : तो नियम मी हौसेने केला नाही. एकेक पठ्ठ्या दोन-दोन कार्डांवर पोती उचलत होता आणि ती सरळ बाजारात विकत होता. नियम केला आणि ते थांबलं.

मोजणीबाई : थांबलं. तेही लिहिलंय मी. पान उलटा.

साहेब : ...हं. लिहिलंयत खरं.

मोजणीबाई : चोर थांबले, आणि त्यांच्याबरोबर ज्या बायका थांबल्या त्यांना आपण मोजलं नाही. दोन्ही वाक्यं जातील. एक काढून दुसरं ठेवता येणार नाही.

साहेब : आता माझं ऐका. शांतपणे ऐका. हे पाहुणे चांगले आहेत, पण त्यांच्याकडे आपल्यासारख्या दहा छावण्या रांगेत उभ्या आहेत. जिचा आकडा लाल, तिचा पैसा पुढच्या छावणीला. मग तुमच्या पाचातल्या एका घराला तर मिळणार नाहीच, उरलेल्या चौघांच्या तोंडचा घासही जाईल. हे कुठल्या रकान्यात मोजणार तुम्ही?

मोजणीबाई : भीती खरी आहे तुमची. मलाही आहे ती.

साहेब : मग? हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं? यावेळी मशीनचा आकडा जाऊ दे. नियम मी हळूच बदलतो. पुढच्या तिमाहीत तुमची पद्धत. झालं!

मोजणीबाई : सत्त्याण्णव लोक खूष असताना तुम्ही नियम का बदलाल? वरून विचारतील ना. आपल्याच आकड्याने आपला हात धरला जाईल.

साहेब : वकील व्हायचं होतं तुम्ही.

मोजणीबाई : रसायनशास्त्र शिकले. तिथेही हेच सांगतात. नमुना चुकीच्या जागेवरून घेतला, तर पुढची सगळी शुद्ध आकडेमोड वाया.

साहेब : बरं, शेवटची गोष्ट. गोदामवाले भाऊ सकाळपासून माझं डोकं खातायत. म्हणतात, आमच्या फाटकावर असलं काही होत नाही, बायका कुभांड रचतायत. ते म्हणतात, कोण बोललं ते सांगा, समोरासमोर होऊन जाऊ दे. वाजवी आहे की नाही? कुठले तंबू, तेवढं द्या. पडताळणी नको?

मोजणीबाई : देणार नाही.

साहेब : देणार नाही?

मोजणीबाई : मागे एकीने तक्रार केली, तर तिचं कार्ड तपासणीत गेलं. अजून आलेलं नाही. म्हणून पाहणीतून तंबूंच्या खुणा मी पहिल्याच दिवशी पुसून टाकल्या. आता मलाही सांगता येणार नाही. बायकांना मी तसा शब्द दिला होता.

साहेब : म्हणजे पडताळता येणार नाही असा आकडा तुम्ही माझ्या सहीने पाठवणार?

मोजणीबाई : पडताळता येईल. दुसरे दहावे तंबू निवडा, दुसऱ्या सहा बायका पाठवा, मी या खोलीतून हलणार नाही. आकडा याच्याच आसपास येईल. माणूस पकडायची गरज नाही.

साहेब : तुमचा करार महिनाअखेरीला संपतोय. लक्षात आहे ना?

मोजणीबाई : आहे.

साहेब : मी सहज म्हटलं.

मोजणीबाई : मीही सहजच ऐकलं. पुढे जो कोणी येईल त्याला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, मशीन कुठल्या दाराशी ठेवायचं ते. त्याचा वेळ वाचेल.

(दार ढकलून एक बाई आत येते. गळ्यात मापाची फीत, ओढणीला दोन-तीन सुया खोचलेल्या.)

शिंपीण : ताई, तुम्ही म्हणालात बाहेर थांबा. थांबले होते. पण पत्र्याची भिंत आहे, आणि साहेबांचा आवाज पार पाण्याच्या टाकीपर्यंत जातो.

साहेब : या कोण?

मोजणीबाई : पाहणी करणाऱ्या सहाजणींतल्या एक. फाटलेले तंबू याच शिवतात.

शिंपीण : तुमच्या खिडकीचा पडदापण मीच शिवलाय, साहेब. एका बाजूला आखूड झालाय, कापडच तेवढं दिलं होतं तुमच्या माणसाने.

साहेब : बाई, आमचं काम चाललंय.

शिंपीण : कोण बोललं, तेच शोधताय ना? मी बोलले.

मोजणीबाई : काकू, नका. मी शब्द दिलाय.

शिंपीण : लपवायचा शब्द तुम्ही दिलात, ताई. लपायचा मी नाही दिला.

मोजणीबाई : तुमचं कार्ड अडकवतील.

शिंपीण : कार्ड आहे कुठे अडकवायला? नवऱ्याच्या नावावर आहे ते. साहेब, दोनदा तुमच्या फाटकावरून परत आले मी. गोदामवाले भाऊ म्हणाले, नवऱ्याला आण. म्हटलं, सापडू तर दे, तुमच्याआधी मीच धरते त्याची मानगूट.

साहेब : कुठे... म्हणजे, काय झालं त्यांचं?

शिंपीण : येताना नदीच्या पुलावर गर्दी झाली. मी अलीकडे, तो पलीकडे. मग पूल बंद केला. एवढंच झालं. त्यापुढचं मला माहीत नाही.

साहेब : भाऊंना हे सांगितलंत?

शिंपीण : सांगितलं की. तोंड काही शिवलेलं नाही माझं. ते म्हणाले, मग असं कर, मेला म्हणून लिहून दे. इथे अंगठा कर, आत्ता पोतं उचल. वाईट मनाने नाही म्हणाले हं, माणूस तसा बरा आहे. त्यांना वाटलं, मला मदतच करतायत.

साहेब : आणि तुम्ही?

शिंपीण : जिवंत माणसाला पिठासाठी मारू? शेजारणीने दिलं लिहून. तिला तान्हं आहे, तिला मी नावं ठेवत नाही. घरी पोतं आलं. तिच्या मोठ्या पोराने विचारलं, आई, बाबा कधी गेले? ती म्हणाली, वाटपाच्या दिवशी.

मोजणीबाई : ते घर मशीनमध्ये हिरवं आहे, साहेब. माझ्या पाहणीतही असं घर ‘मिळालं’मध्येच आलं असणार. म्हणजे माझा आकडासुद्धा कमीच आहे.

साहेब : मग तुम्ही जेवता काय?

शिंपीण : तंबू शिवले की कुणी मूठभर देतं. पोती मिळालेल्याच बायका. तुमच्या त्या खूष लोकांतल्या.

साहेब : हे बघा. तुमचं कार्ड आत्ता करून देतो. तुमच्या नावावर. कुठलाही कागद नको, अंगठा नको. भाऊंना मी सांगतो.

शिंपीण : द्या.

साहेब : झालं तर मग!

शिंपीण : कार्ड घेईन, सोडायची नाही मी. पण त्यात माझ्या तोंडाला गाठ मारल्याचे पैसे धरले असतील, तर ते धरू नका. दुपारी पाहुण्यांना मी सांगणार. बाहेर ओट्यावर आणखी बसल्यात, त्याही सांगणार. त्यांना कुणी बोलावलं नाही, ताईंनी तर नाहीच. आम्ही आमच्या आलोय.

साहेब : हे तुम्ही घडवून आणलंत, बाई?

मोजणीबाई : नाही. मला हे नकोच होतं. यांचं तोंड दिसू न देता यांचं म्हणणं पोचावं, यासाठी सगळी रचना केली होती. त्यांनी मला विचारलं नाही.

शिंपीण : विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.

मोजणीबाई : म्हणाले असते.

शिंपीण : बघा.

साहेब : तुम्हा दोघींच्या मध्ये माझं सँडविच झालंय. काय हवंय नेमकं? एका दमात सांगा.

मोजणीबाई : तंबूत जो राहतो, कार्ड त्याच्या नावावर. ‘हजर’ आणि ‘मयत’ यांच्यामध्ये एक तिसरा रकाना, ‘ठाऊक नाही’. दुबार पोती पकडायची तर तंबूवर जाऊन माणसं बघा, फाटकावर नवरा मागू नका. आणि फाटकावरून परत गेलेल्यांची मोजणी दर वाटपाला. तोच पहिला आकडा, अहवालाच्या पहिल्या पानावर.

साहेब : पहिल्या पानावर! शेवटच्या तरी म्हणायचं होतंत.

मोजणीबाई : शेवटचं पान तुम्ही वाचत नाही.

साहेब : मी सही करणार नाही यावर.

मोजणीबाई : नका करू. तुमच्या सहीची जागा रिकामी ठेवून देईन. खाली माझी असेल.

साहेब : आणि पाहुण्यांनी विचारलं, जागा रिकामी का?

मोजणीबाई : त्याचं उत्तर तुमच्याकडे असेल. मी तुमच्या वतीने बोलणार नाही.

साहेब : ...पैसा गेला तर?

शिंपीण : साहेब, आमच्याकडे तो आलाच कधी होता?

साहेब : टँकर आलाय वाटतं. जातो मी. आणि त्या बायकांना ओट्यावर बसवू नका, पत्रा तापलाय. आत सभेच्या खोलीत बसवा.

मोजणीबाई : पाहुणे तिथेच येणार आहेत.

साहेब : माहीत आहे मला, कुठे येणार आहेत ते.

मोजणीबाई : आणि सही?

साहेब : मागे लागू नका. जातो म्हटलं ना.

शिंपीण : गेले. दारही न लावता गेले.

मोजणीबाई : काकू, अजून विचार करा. ते पाहुणे सभ्य असतील, पण खोदून खोदून विचारतील. पूल कुठला, दिवस कुठला, कुणी बघितलं. सगळ्यांदेखत विचारतील, तुमचा नवरा कुठे आहे.

शिंपीण : विचारू देत. मीही तेच विचारत फिरतेय. त्यांना कळलं, तर मला सांगा म्हणावं.