घुमटाखालची बजावणी

नाव : सहीप्रमाणे. वय : ५४ वर्षे. व्यवसाय : नोकरी, कौटुंबिक न्यायालयात बेलीफ. राहणार : न्यायालयामागील कर्मचारी वसाहत, तळमजला.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील ठिकाणी मी एकटा राहतो. समन्स आणि नोटिसा ज्याच्या त्याच्या हातात देऊन सही घेणे हे माझे काम आहे.

मुलीचा ताबा मिळावा म्हणून एका आईने अर्ज केला आहे. त्याचे समन्स मुलीच्या वडिलांना बजावायचे होते. ते तारांगणात यंत्र चालवतात. त्यांना सगळे तारेवाले म्हणतात. मी दोनदा घरी गेलो. दार उघडले नाही. दुसऱ्या वेळी आत नळ चालू होता.

आज दुपारी आईसोबत तारांगणावर गेलो. मुलगी, वय सात, आज वडिलांकडे होती. आई म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मला बघितलं की तो हवेत विरतो." ती बाहेर पायरीवर बसली. ऊन होते.

वडिलांनी मुलीला कोंडून ठेवले, अशी आईची तक्रार आहे. ती टिकली तर त्यांची मुलीशी भेट बंद होईल, हे मला ठाणे अंमलदारांनी सांगितले. म्हणून पुढचे सावकाश सांगतो.

मी तिकीट काढून खेळाला बसलो. खेळ संपला, माणसे बाजूच्या दाराने गेली. दिवे लागले नाहीत. मी म्हणालो, समन्स आहे, दिवा लावा.

तारेवाले यंत्रापाशी होते. म्हणाले, "बेलीफसाहेब, सूर्य मावळल्यावर तुम्ही बजावत नाही ना?"

मी नाही म्हणालो. अंधार पडल्यावर कोणाच्या दारी जायचे नाही, ही माझी पद्धत आहे.

"मग वर बघा की."

वर रात्र होती.

बाहेर ऊन आहे हे मला माहीत होते. कागद पुढे करायला हवा होता. मी पुन्हा बसलो. खुर्ची मागे कलणारी होती.

मुलगी येऊन शेजारी बसली. म्हणाली, "काका, तुम्हाला कुठली रात्र हवी? बाबा कुठलीही लावतो. मी जन्मले तीपण."

"ठिपके, ती नको," वडील तिला म्हणाले.

"लाव ना, बाबा."

आकाश हलले. यंत्र झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखे चालत होते. मग ते थांबले. खूप तारे होते.

मुलगी म्हणाली, "आई म्हणते, त्या रात्री नुसते ढग होते."

"खरं सांगते ती. यंत्राला ढग येत नाहीत."

नंतर मीही एक तारीख सांगितली. ती इथे लिहिण्याची गरज नाही. त्यांनी ती लावली.

बाजूचे दार वाजू लागले. आई हाका मारत होती. दाराला आतून कडी नव्हती. ते बाहेर उघडते, आणि ती आत ढकलत होती. मी हे ओरडून सांगू शकत होतो. माझे वर लक्ष होते. तेवढ्यात तिने पोलिसांना फोन केला.

मुलगी उठली. म्हणाली, "बाबा, आता माझ्या रात्रीची सकाळ कर. आई उन्हात आहे."

घुमटाच्या कडेने उजाडू लागले. तारे एकेक करून गेले. मुलीने दार ढकलले, ते उघडले. आई आत आली ती भांडायच्या तयारीने. मग वर बघत उभी राहिली.

"ही जन्मली त्या दिवशी असंच उजाडलं होतं?" तिने विचारले.

"हो. तुला झोप लागली होती."

"मग उठवायचं नाही का?"

वडील यंत्रापासून उठले. माझ्याकडे येऊन म्हणाले, "उजाडलं. द्या." मी मजकूर समजावून सांगितला. त्यांनी सही केली. मुलगी आईचा हात धरून उभी होती.

मुलीला कोणी कोंडले नव्हते. उशीर माझ्यामुळे झाला.

जबाब मला वाचून दाखवला. मी बोललो तसाच आहे. समन्सवर सहीखाली वेळेच्या जागी तारेवाल्यांनी 'सूर्योदय' लिहिले आहे. ते चुकून लिहिले का, असे विचारता सांगतो की, नाही. मी समोर होतो. ते बरोबर आहे.