उजव्या टाकीतले पाणी

भोर पोलीस ठाणे
दि. ६ नोव्हेंबर २०२५

मी शेफाली उपेंद्र गुजर, वय २८ वर्षे, धंदा नोकरी (वैमानिक), रा. भोर, जि. पुणे. पोलीस ठाण्यात स्वतः येऊन, विचारल्यावरून सांगते की,

मी शेतावर औषध फवारणाऱ्या विमानांच्या एका खासगी कंपनीत दोन वर्षांपासून नोकरीस आहे. विमान एका आसनाचे, एका इंजिनाचे आहे. कंपनीचे व्यवस्थापक प्रद्युम्न लिमये यांनी उत्रोलीचे शेतकरी सोनबा खुटवड व त्यांच्या पत्नी फुलाबाई यांच्याविरुद्ध तक्रार दिली आहे. विमान त्यांच्या शेतात उतरल्यावर त्यांनी इंधनात पाणी घातले, असे तक्रारीत आहे. त्याबाबत माझे म्हणणे पुढीलप्रमाणे.

दि. ४ रोजी वेल्हे तालुक्यातील गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या भातावर फवारणी करून मी सकाळी ७.३५ वाजता शिवरे येथील तात्पुरत्या धावपट्टीवर परतले. पुढचे उड्डाण भोरच्या पश्चिमेकडील खाचरांच्या पाहणीचे होते. फवारणीच्या टाकीत औषध नव्हते. उजव्या पंखातील टाकीत पिंपातून इंधन भरले. भरल्यावर पंधरा मिनिटे थांबायचे, टाकीच्या तळातून पेलाभर नमुना काढायचा आणि त्यात पाणी आहे का ते पाहायचे, अशी पद्धत आहे. पहिल्या उड्डाणाआधी, ६.३० वाजता, मी नमुना घेतला होता. भरल्यावर घेतला नाही. लिमये "वारा सुटायच्या आत उरकून घे" असे म्हणाले. उड्डाण करायचे की नाही हे वैमानिकाने ठरवायचे असते. ७.४८ वाजता मी डाव्या टाकीवर उड्डाण केले.

७.५५ वाजता उत्रोलीजवळ, सुमारे दीडशे मीटर उंचीवर, मी उजवी टाकी सुरू केली. साधारण वीस सेकंदांनी इंजिन दोनदा अडखळून बंद पडले. पुन्हा डाव्या टाकीवर घेतले, इंजिन सुरू झाले नाही. रस्त्यावर एसटी होती. कापणी झालेली खाचरे पाहून तिथे विमान उतरवले. दुसऱ्या बांधावर डावे चाक मोडले. विमान खुटवड यांच्या खळ्याच्या कडेला थांबले व उजवा पंख खळ्यावर आला. पंखापुढे भाताच्या पेंढ्या रचलेली उडवी होती. उडवीपलीकडे फुलाबाई भात झोडत होत्या. मधले अंतर दोन पावले होते. मी ते नंतर मोजले.

मी खाली उतरले. सोनबा विळा घेऊन आले व म्हणाले, "पोरगी हाय व्हय आत! बाई, इमान उतरवायचं तर आदी सांगायचं. खळं जरा लांब केलं असतं." मी पंखाकडे निघाले तेव्हा फुलाबाई म्हणाल्या, "आदी पायातलं काढ. खळं हाय त्ये." मी बूट काढून कडेला ठेवले. पंचनाम्यात बूट विमानात मिळाल्याचे लिहिले आहे, ते बरोबर नाही.

८.०५ वाजता मी उजव्या टाकीच्या तळातून नमुना काढला. तळाची झडप मी दाबली व पेला सोनबांनी धरला. पेल्यात खाली दोन बोटे पाणी होते. सोनबा म्हणाले, "पानी हाय की! आमच्या इंजिनाला बी ह्यानंच दम लागतो. बघत न्हाई व्हय तुमी?" मी नमुना बाटलीत भरून बंद केला. ती बाटली हजर करत आहे.

त्यानंतर, ८.१० च्या सुमारास, फुलाबाईंनी कळशीतले पाणी मला प्यायला दिले व उरलेले विमानाच्या इंजिनावर ओतले. "लई तापलंय गं त्ये," असे त्या म्हणाल्या. त्यांचे विहिरीवरचे डिझेल इंजिन तापले की त्या तसेच करतात. त्याने इंजिनाला बाहेरून तडा गेला आहे. टाक्यांची झाकणे बंद होती. त्यांना कोणी हात लावला नाही. इंधनातले पाणी विमान उडण्यापूर्वीच टाकीत होते. ते पिंपातून आले की आणखी कुठून, हे मी सांगू शकत नाही. नमुना घेतला असता तर दिसले असते.

या जबाबाने माझ्या परवान्यावर परिणाम होऊ शकतो, असे हवालदारांनी मला दोनदा सांगितले. मला ते माहीत आहे. सोनबा व फुलाबाई यांच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही.

जबाब मला वाचून दाखवला. एके ठिकाणी "घाईगडबडीत नमुना घेण्याचे राहून गेले" असे लिहिले होते. ते खोडून "घेतला नाही" असे करून घेतले व खोडलेल्या जागी सही केली. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.

सही
शेफाली उपेंद्र गुजर