सभेत खोकायचं नाही

क्षमा : परवा आणलेली ही खोकल्याची दुसरी बाटली, अप्पा. आज तळ दिसतोय! एवढं औषध गेलं कुठं?

राजगोपाल : मीच प्यालों. ओरडूं नको गे. मार्गळीचा महिना गाण्याचा, रोज दोन कच्चेऱ्या ऐकायच्या. पुढच्या रांगेंत बसून खोकलों तर गाणारा राग सोडून माझ्याकडे बघतो. म्हणून गाण्याच्या सभेला जातांना दोन झाकणें घेतों.

क्षमा : म्हणजे दहा दिवस खोकला दाबून ठेवलात. सगळा कफ छातीत साठवलात! अम्मा, तुम्हाला हे माहीत होतं?

अंबुजा : झाकण मीच भरून देतें.

क्षमा : वा! सासऱ्यानं चोरी करायची, सासूनं शिडी धरायची. आणि सून बसलीय सुंठ कुटत.

राजगोपाल : मला ताप आहे का? हात लावून बघ. ताप नाहीं तर दुखणें नाहीं.

क्षमा : तुमच्या वयात ताप येतोच असं नाही. दोन दिवस तुम्ही पानावरून तसेच उठताय. काल तळ्यापासून घरापर्यंत येताना तीनदा थांबलात.

राजगोपाल : ओळखीचे भेटले.

क्षमा : तीनही वेळा खांबाला धरून? बसा इथं. बोलू नका. मी श्वास मोजतेय.

राजगोपाल : एग्मोर स्टेशनवर पस्तीस वर्षें मी गाड्या मोजल्या. आतां सून माझे—

क्षमा : बोलू नका म्हटलं ना! चुकलं, परत पहिल्यापासून.

अंबुजा : गप्प बसा हो.

क्षमा : ...तीस, एकतीस. झालं मिनिट. अम्मा, स्वस्थ बसलेल्या माणसाचे एकतीस! वीसच्या आत हवेत. करोनात आणलेलं ते बोटाला लावायचं यंत्र द्या. ...एक्क्याण्णव. चला, उठा. डॉक्टरकडे.

राजगोपाल : सोमवारीं जाऊं.

क्षमा : आत्ता.

राजगोपाल : आज शुक्रवार. डॉक्टर मला ठेवून घेईल. परवां सहानाची पहिली कच्चेरी! तुझी मुलगी मंचावर बसेल तेव्हां तिच्या मागें तंबुरा कोण धरील? तुझा नवरा? वेंकटला सुराचें एवढें ज्ञान कीं अंबत्तूरच्या कारखान्याचा भोंगासुद्धां त्याला गोड लागतो.

क्षमा : तंबुऱ्याचं मशीन मिळतं. बटण दाबलं की चालू.

राजगोपाल : अय्यो! मशीन! माझ्या घरांत?

क्षमा : घरात नाही, मंचावर. आणि तिथं तुम्ही कोसळलात तर पोरीला पहिल्या कच्चेरीचं तेवढंच आठवेल, जन्मभर.

राजगोपाल : कोसळतों कशाला? आज सकाळीं तंबुरा मीच लावला. चारी तारा सुरांत.

अंबुजा : पंचमाची तार चुकली होती.

राजगोपाल : काय?

अंबुजा : तुम्ही आंघोळीला गेलांत, तेव्हां सहानानें हळूच पुन्हां लावली. मला खुणेनें गप्प राहायला सांगितलें.

राजगोपाल : खोटें.

अंबुजा : मला दोनदां जयंती म्हणून हाक मारलीत. तुमची बहीण जाऊन नऊ वर्षें झालीं.

क्षमा : अम्मा! आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय?

अंबुजा : तूं ओरडतेस गे. भीति वाटली.

क्षमा : ओरडू नको तर काय ओवाळू तुम्हा दोघांना? छाती भरली, प्राणवायू कमी पडला की माणूस असाच गोंधळतो. इतकं साधं आहे ते!

राजगोपाल : पोरीनें पुन्हां लावली?

अंबुजा : हो.

राजगोपाल : मला बोलली नाहीं.

अंबुजा : तुम्हांला कोण बोलणार?

राजगोपाल : ...क्षमा, ऑटो बोलाव.

(दुसऱ्या दिवशी, हॉस्पिटलच्या खोलीत.)

क्षमा : न्यूमोनिया आहे. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग भरलाय. आधी शिरेतून अँटिबायोटिक, मग घरी गोळ्या. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. ते सिरप बंद. कफ सुटला की खोकून बाहेर काढायचा, असं डॉक्टर म्हणाले. ऐकताय ना?

राजगोपाल : ऐकतों. शेजारचा झोपलाय, हळू बोल.

क्षमा : इथंही सभाच का? खोका खुशाल, अप्पा. आणि आणखी दोन दिवस उशीर केला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं. तुम्हाला सांगत नाही.

राजगोपाल : नको सांगूं. उद्यां मशीनच ना मग?

अंबुजा : नाहीं. मी बसणार.

राजगोपाल : तूं? तुला तंबुरा येतो?

अंबुजा : लग्नाआधीं माझे काका गायचे, त्यांच्या मागें मीच बसायचें. आज सहानानें तासभर माझ्याकडून वाजवून घेतलें. चालेल म्हणाली.

राजगोपाल : सत्तेचाळीस वर्षांत एकदां तरी सांगायचेंस.

अंबुजा : तुम्ही तंबुरा खालीं कधीं ठेवलात?