वरची चकती आहे, खालची चकती आहे, मधलं नाही!

...आणि मी नवस बोलले होते तो केकचा, बिस्किटांचा नाहीच मुळी! हे आधी नीट ऐकून ठेवा, कारण गावात जो तो उलटंच सांगत सुटलाय. मागच्या नाताळात, गोठ्याच्या देखाव्यासमोर गुडघे टेकून, मी बाळ येशूला अगदी स्वच्छ शब्दांत म्हटलं होतं, "बाळा, अहो, माझ्या ओमाइराची कूस या वेळी तरी रिकामी करू नका. तिच्या हाती धडधाकट लेकरू द्या. तुम्हाला गोठ्यातून उठवून उभं करायच्या दिवशी मी गावातल्या प्रत्येक तोंडात माझ्या हातचा केक घालीन, अंड्यांचा, फुगलेला, पिवळाधम्मक." आता यात बिस्किट हा शब्द कुठे आला? तुम्हीच सांगा!

पण गॅसची गाडी वर येईल तेव्हा ना केक! पावसाने घाटाचा रस्ता खचला, गाडी खालीच अडकली, सिलिंडर खडखडीत. चुलीवर केक करून बघितलात कधी? बघू नका. खालून कोळसा आणि वरून खीर. मग आमची उबाल्दिना, म्हणजे माझी कोमाद्रे, माझ्या ओमाइराला बाप्तिस्म्याला हातावर धरलं होतं तिने, आणि त्याआधी या जगात आणलं होतं तेही तिनेच, कारण गावची सुईण तीच, तर ती म्हणाली, "कोमाद्रे, मार्केसा करा की! बिस्किटं कॉफीच्या दुधात बुडवायची, ताटात शेजारी शेजारी निजवायची, वर चॉकलेट आणि डब्यातलं घट्ट गोड दूध, पुन्हा बिस्किटं, पुन्हा चॉकलेट, आणि फ्रीजमध्ये ढकलायचं. भट्टी नको, अंडी नको, डोकंसुद्धा नको." शेवटचं माझ्याकडे बघून म्हणाली, पण जाऊ दे.

गेले दुकानात. तर साधी बिस्किटं संपलेली! डॉन अर्हिमिरो काउंटरवर कोपरं टेकून म्हणतो कसा, "क्रीमची न्या ना, दोन्या एर्मेलिंदा बाई. दोन काळ्या चकत्या, मध्ये पांढरं क्रीम. तुमचं अर्धं काम कारखान्यानेच करून ठेवलंय." घेतली. घरी आणून लपवली, कारण आमचे हे! निकासिओंच्या नजरेला पाकीट पडलं की संपलं. कॉफीत बिस्किट बुडवून धरतात, धरतात, धरतात, आणि ते ढासळलं की चमच्याने शोधत बसतात. "एर्मेलिंदा, अहो, तुमचा चमचा लहान आहे." चमच्याचा दोष! उबाल्दिना कडेकडेने कुरतडते. आणि माझी ओमाइरा लहानपणापासून चकती गोल फिरवून उघडणार, आतलं जिभेने चाटणार आणि चकत्या मला देणार. मलाही आवडतं, खोटं कशाला बोलू. दुपारची भांडी आटपली की गोड कॉफी आणि दोन बिस्किटं, त्यासारखं सुख नाही. तर मी सगळी पाकिटं गोठ्याच्या मागे, शेवाळाच्या डोंगराखाली सरकवली. बेथलेहेमच्या डोंगराखाली कोण हात घालणार?

आणि एक बिस्किट, फक्त एक, बाळापुढे बशीत ठेवलं. म्हटलं, "अहो, केक जमत नाही. हे चालणार असेल तर काहीतरी खूण करा."

इथेच चुकलं असेल का माझं? देवाला नुसतं मागावं, परीक्षा घेऊ नये... पण काळजी हो! तुम्हाला सांगते, दोनदा माझ्या लेकीचं पोट दिसायला लागलं आणि दोनदा शहरातले डॉक्टर म्हणाले, "आई उत्तम आहे, सगळं जागच्या जागी आहे, फक्त..." आणि त्या 'फक्त'पुढे गप्प. मी ते 'फक्त' अजून कानात घेऊन फिरते.

दुपारी धुकं उतरलं. आमच्याकडे धुकं उतरलं की भर दुपारी घरात मेणबत्ती लावावी लागते, अंगणातला कुत्रा दिसत नाही, नुसता ऐकू येतो. मी दोरीवरचे कपडे काढून आत आले आणि बशीतलं बिस्किट सहज उचललं. हलकं! वाळक्या पानासारखं. नखाने उघडलं. वरची चकती आहे, खालची चकती आहे, मधलं नाही! चुरा नाही, ओरखडा नाही. आणि चकतीवर ओल... बारीक, अरुंद पट्ट्यांची ओल, मांजराच्या जिभेपेक्षाही लहान जिभेची. आणि दोन्ही चकत्या परत जोडून, नीट, बशीच्या मधोमध ठेवलेल्या.

अर्थात मी आधी ह्यांच्याकडे गेले. "निकासिओ, लाज वाटते का? बाळाचा खाऊ?"

"मी?" ह्यांचा चेहरा बघायला हवा होता. "मी खाल्लं असतं तर चकत्या ठेवल्या असत्या का? तीस वर्षांत मी ताटात कधी काही ठेवलंय?"

खरं आहे हो. उबाल्दिना म्हणाली, "उंदीर." मी म्हटलं, "कोमाद्रे, कुठला उंदीर क्रीम चाटून बिस्किट परत बंद करून ठेवतो?" ती म्हणाली, "शिकलेला." हसली. मग मी शेवाळाखालून पाकीट काढलं, कारखान्यातून आलेलं, चिकटवलेलं, कुठे टाचणीएवढं भोक नाही. तिच्यासमोर फोडलं. पहिलं बिस्किट उघडलं. दुसरं उघडलं. तिसरं तिने स्वतः उघडलं, आणि हसायची थांबली. वरची चकती आहे, खालची चकती आहे, मधलं नाही! दुसरं पाकीट, तेच. सगळी पाकिटं तीच!

आता मला सांगा, याला होकार म्हणायचा की नकार? बाळाला खाऊ आवडला असा अर्थ घ्यायचा? की ते मला दाखवत होते... सगळं जागच्या जागी, फक्त... नाही, मी तो विचार पुरा केला नाही. जपमाळ घेतली आणि बसले.

त्यातच फेब्रुवारीतला कँदेलारियाचा सण उलटून गेला आणि माझं बाळ अजून गोठ्यात आडवंच. आमच्याकडे कँदेलारियाच्या आत बाळाला उठवून उभं करतात, रुमालाची चार टोकं धरून मिरवतात, गातात, पाया पडतात, लहान मुलालासुद्धा माहीत आहे. पण मी हट्टाला पेटले होते. माझ्या नवसाचा क्रम असा लावून बसले होते मी, आधी लेकरू येऊ दे, मग उभं करीन, मग वाटीन. उबाल्दिना रोज येऊन डोकं खायची. "कोमाद्रे, पाठ अवघडली असेल हो त्यांची! उभं करा. तुम्ही नाही केलंत तर रीतीप्रमाणे कुणीतरी चोरून नेईल, आणि मग दारोदार शोधत फिराल." मी म्हटलं, "नेऊ दे. माझं लेकरू आधी."

आणि मग एका सकाळी ती ओमाइराकडून आली. जावई खाली सपाटीवर कामाला, घाट बंद असल्याने तिकडेच अडकलेले, पोर एकटी. उबाल्दिना दारातच उभी राहिली, आत येईना. हातांना अजून तेल लागलेलं. म्हणाली, "लेकरू आडवं आहे."

"आडवं म्हणजे?"

"आडवं म्हणजे आडवं. डोकं या कुशीला, पाय त्या कुशीला. कळा कधीही सुरू होतील. दवाखान्यात नेता येत नाही. असं राहिलं तर मी..." आणि तिने हात पुसले. पुसलेले हात परत पुसले.

तुम्हाला सांगते, मी गोठ्याकडे धावले. "अहो, माझं चुकलं, उठा, उठवते तुम्हाला, आत्ता उठवते..."

गोठ्यात बाळ नव्हतं.

शेवाळात खळगा होता, बाळाच्या पाठीच्या आकाराचा. गाय होती, गाढव होतं, आई मारिया होती, बाप होसे होते, मेंढरं होती, आणि मधल्या जागी कोणी नाही. ह्यांनी मागून येऊन बघितलं आणि चक्क सुटकेचा श्वास सोडला. "चोरलं! बरं झालं, चोरलं! चला, शोधायला चला, आज सापडलं की आजच उभं करू."

आणि निघालो. व्हायोलिनवाला आला, गाणारे आले, हातात मेणबत्त्या, सगळीकडे दाट धुकं, समोरच्या माणसाची फक्त टोपी दिसते. रीत अशी की प्रत्येक दारात गाऊन विचारायचं, आमचं बाळ तुमच्याकडे आहे का, आणि चोर असेल तो खोटं हसत 'नाही' म्हणतो, मग दोन कडवी गाऊन झाली की दार उघडतो. पण त्या दिवशी कोणीच हसलं नाही! डॉन अर्हिमिरोच्या दारात गायलो. तो म्हणाला, "आम्ही नाही हो, खरंच नाही. या, गरम काहीतरी घ्या." कॉफी आली, बशीत क्रीमची बिस्किटं आली. माझा हात आपोआप गेला. उघडलं. वरची चकती आहे, खालची चकती आहे, मधलं नाही! डॉन अर्हिमिरो पांढराफटक पडून म्हणतो, "दोन्या, आत्ता, तुमच्यासमोर पाकीट फोडलंय मी!"

पुढचं घर. "आम्ही नाही." बिस्किटं? रिकामी. त्याच्या पुढचं घर, तिथे बाईने क्रीमच्या बिस्किटांचा चुरा लोण्यात थापून त्यावर लिंबू पिळलेलं घट्ट गोड दूध ओतून झकास थंड पाई केलेली, मी नमस्कार न करता आधी विचारलं, "चुरा करताना क्रीम होतं का?" ती म्हणाली, "तेच तर! कोरडाच चुरा झाला, लोणी जास्त घालावं लागलं..." आता गाणारे गायचे थांबले होते. व्हायोलिनवाला नुसता चालत होता, व्हायोलिन काखेत. कुणाच्या लक्षात आलं माहीत नाही, पण माझ्या आलं, घरं कशी एका ओळीत चालली होती... आमच्या घरापासून, गल्लीने खाली, एकेक दार, कुठे वगळलेलं नाही, जणू आमच्या पुढे कोणीतरी लहान पावलांनी चालत गेलंय, प्रत्येक दारात थांबत, थोडं खात. आणि ओळीतलं शेवटचं दार ओमाइराचं.

ते उघडंच होतं.

ती पलंगावर, कुशीवर, घामाने भिजलेली, डोळे मिटलेले. मला म्हणाली, "आई, तुम्ही मघाशी न बोलता का गेलात?"

"मी? मी कधी आले?"

"आलात की. पावलं ऐकली मी, हलकी. मग कोणीतरी उशाशी चढलं. मग बिस्किट उघडल्यासारखं झालं, टक्. आणि पोटात काहीतरी असं... फिरलं, आई. गोल. मी ओरडणार होते, पण दुखलंच नाही."

उशाजवळच्या टेबलावर बाळ. आमचं बाळ! आणि उभं! आता तुम्ही म्हणाल उभं तर उभं. अहो, पण ते प्लास्टरचं, गुडघे वाकवून पाय वर धरलेलं बाळ आहे, माझ्या आजेसासूबाईंच्या वेळचं, ते उभं राहूच शकत नाही! आम्ही दरवर्षी पाठीमागे काठी लावतो, दोरा बांधतो, तेव्हा कुठे उभ्यासारखं दिसतं. इथे काठी नाही, दोरा नाही. टाचा टेबलावर टेकलेल्या. आणि ओठांवर... निकासिओंनी मेणबत्ती जवळ नेली आणि पटकन मागे घेतली. ओठांवर पांढरं.

उबाल्दिनाने बाळाकडे बघितलंच नाही. ती कामाची बाई. सरळ ओमाइराच्या पोटावर हात ठेवला, दाबला, सरकवला, पुन्हा दाबला. मग रडायला लागली. "डोकं खाली आहे. कोमाद्रे, सरळ आहे! गरम पाणी ठेवा, सगळ्या पुरुषांना बाहेर हाकला, आणि व्हायोलिन वाजवायला सांगा, मला ही शांतता नको."

वाजवलं त्याने. धुक्यात, अंगणात, बाळाला उभं करायची गाणी, आणि आत माझी लेक ओरडत होती. आणि दिवस कलायच्या आत मुलगी झाली. रडली. अशी रडली म्हणता की कुत्रा भुंकायला लागला! आणि अंगभर, तुम्हाला सांगते, मानेच्या वळ्यांत, काखेत, मांड्यांत, दाट पांढरा लेप.

उबाल्दिना म्हणाली, "सगळ्याच बाळांच्या अंगावर असतो. मी आयुष्यभर पुसत आलेय."

मी म्हटलं, "सगळ्यांना व्हॅनिलाचा वास येतो?"

तिने बोटं नाकाशी नेली. हात धुतले, वास घेतला, पुन्हा धुतले. मग हळूच म्हणाली, "जाऊ दे ना, कोमाद्रे. मधलं आलं ना हातात." आणि मी त्या पोरीला छातीशी धरून असं हसले, असं रडले, माझ्या दोन्ही बाह्या ओल्या झाल्या. इलारिया नाव ठेवलंय. वजन विचारू नका, नजर लागेल.

मार्केसा केली मी दुसऱ्या दिवशी, त्याच रिकाम्या चकत्यांची. काय करणार? सगळ्या गावाने खाल्ली, बोटं चाटली, म्हणे याहून हलकी मार्केसा आजवर झाली नाही. नवस फिटला की नाही, मी विचारायला गेले नाही. परीक्षा घ्यायची सवय सोडली मी. बाळ आता गोठ्याच्या पेटीत नाही, टेबलावरच असतं, काठीशिवाय. आम्ही त्यांच्याकडे फार वेळ बघत नाही.

आता तुम्ही आलात, तुमच्या सुनेच्या रिकाम्या कुशीची गोष्ट काढलीत, डोळ्यांत पाणी आणलंत... अहो, रडू नका, बोला ना तुम्हीही नवस! केकचा बोला, मेणबत्तीचा बोला, पायी चालायचा बोला, तुमच्या मनाला येईल त्याचा बोला, ते ऐकतात, माझ्यावर विश्वास ठेवा. फक्त पाकीट क्रीमचं आणून ठेवा, बंदच, फोडू नका. आणि स्वतःसाठी म्हणून वेगळं आणून कपाटात लपवू नका... उपयोग होत नाही. आम्ही दोघं तेव्हापासून नुसत्या चकत्याच खातोय.