पाटीवरची रिकामी जागा

आदरणीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज निवृत्त होत असलेल्या आपल्या लाडक्या बाई, सर्व शिक्षक आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे भिंतीला टेकून उभे असलेले पालकहो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. बाईंनी माझ्या मुलीला अकरा वर्षं दिली, तेव्हा सहावं मिनिट लागलं तर घंटा वाजवू नका.

माझी लेक बोलत नाही. बाईंनी तिला एक पाटी करून दिली. पाणी, जेवण, झोप यांची चित्रं आणि ओळखीच्या माणसांचे फोटो, बाईंचासुद्धा. ज्याला हाक मारायची त्याचा फोटो पाटीवरून काढून ती वर धरते. माझा लाल कडेचा फोटो तिनं पहिल्यांदा वर धरला, तेव्हा ती सात वर्षांची होती. मी ढसाढसा रडले आणि तिकडे दूध उतू गेलं.

मग एके दिवशी तिनं आजोबांचा फोटो उलटा लावला. मी सुलटा केला, तिनं पुन्हा उलटा केला. पाचव्या दिवशी आजोबा गेले. योगायोग, म्हटलं. वर्षभरानं शेजारच्या काकूंचा. काकू समोर बसून हसत होत्या हो! आठवड्यात त्याही गेल्या. आता सांगा, तुम्ही काय केलं असतं?

मी काय केलं ते माझ्या नवऱ्यालाही आत्ता इथंच कळतंय. मी माझा फोटो काढून कपाटात कपड्यांखाली लपवला. पोटच्या पोरीला मी भ्यायले. तिचे केस विंचरताना मी आरशात तिच्याकडे बघायचे नाही.

चार महिन्यांनी बाईंनी बोलावलं. "अहो आई, ही रोज पाटीवर एका रिकाम्या जागी बोट ठेवून बसते. तिथं काय होतं?"

"मी होते," म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं.

बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तिला शाळेत सोडायला यायचे तेव्हा आजोबा पाय ओढत चालायचे, काकूंना इथल्या जिन्यात धाप लागायची. आपण बोलत बसतो, ती बघत बसते. आणि समजा, तिला पुढचं कळतही असेल. तोवर तिनं हाक कुणाला मारायची?"

घरी येऊन मी फोटो लावला. भीती गेली का? खोटं कशाला बोलू? रोज सकाळी चहाच्या आधी मी पाटी बघते. आणि बाई, सोमवारी तिनं तुमचा फोटो उलटा केलाय. निवृत्तीचं तिला कुणीही सांगितलं नव्हतं. हसू नका, एकदा डॉक्टरांकडे जाऊन या, माझ्यासाठी.

शाळेचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. प्रसंगाला न शोभणारं काही बोलले असेन, तर एका आईचं म्हणून सोडून द्या.

अजून एक पान वाचायचं होतं. पण तिसऱ्या रांगेत लेक हात वर करून उभी राहिली आहे. हातातला फोटो लाल कडेचा, म्हणजे माझाच. सुलटा आहे की उलटा, ते इथून दिसत नाही. पण हाक मला आहे.

आले गं.